उघाडी

प्रवासाला निघताना बॅग भरणं हा माझ्या आवडीचा भाग. या वेळी मात्र यादी उलटी होती, काय न्यायचं नाही याची. पुस्तक नको, वही नको, पेन नको, जपमाळ नको, ताईत नको, खाऊचा डबा नको, आणि मोबाईल गेल्या गेल्या जमा करायचा. बायकोनं यादी वाचली आणि विचारलं, "नक्की चाललायस कुठं?" म्हटलं, "बेलापूरला." ती हसायला लागली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीनं बेलापूर जेमतेम पाऊण तासावर. पाऊण तासाचा प्रवास आणि अकरा दिवसांचा मुक्काम, असं प्रवासवर्णन लिहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच येत होती.

आषाढ संपत आला होता. ठाणं सोडलं आणि पावसानं खिडक्या धुवायला घेतल्या. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स-दारावे. गाडीतला आवाज ही नावं तीन भाषांत सांगतो. माझी आई चौथ्या भाषेत सांगते. घणसोलीत तिची मावशी दिलेली, कोपरखैरण्यात आत्या, दारावे म्हणजे चुलतबहिणीचं सासर. तिच्यासाठी ही स्टेशनं नाहीत, सोयरिकी आहेत. ती बेलापूर पट्टीतली, आगऱ्याची मुलगी. आज तिचं वय ८१. आणि मी बेलापूरला निघालो होतो तो तिच्या एका प्रश्नामुळे.

प्रश्न साधा आहे. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे-रायगडातल्या (तेव्हा कुलाबा जिल्हा) ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. भातशेती, मिठागरं, खाजण, सगळं नकाशात गेलं. लोक घाबरले, चिडले, अडून बसले. आमच्या आजोळच्या गावातही ठरलं होतं की कुणी सही करायची नाही, पैसे उचलायचे नाहीत. आणि आबांनी, म्हणजे आईच्या वडलांनी, सगळ्यांच्या आधी सही केली. का केली, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आजीला नाही, मामाला नाही, गावकीला नाही. १९९१ मध्ये ते गेले तेही न सांगताच.

आईला गेल्या दोन वर्षांपासून विसरायला होतं. गॅस बंद केला का, गोळी घेतली का, मी जेवलो का. बाकीच्या गोष्टी पुसत चालल्या तसा हा एक प्रश्न मात्र वर आला, ओहोटीला खडक वर येतो तसा. "माज्या बापसानं सही कशाला केली रं?" एका रात्रीत तिनं मला सात वेळा विचारलं. मी सात वेगवेगळी उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तराला ती "हं" म्हणाली. आठव्या वेळी माझा आवाज चढला. त्याची लाज वाटत राहिली, आणि त्याच आठवड्यात अर्ज भरून टाकला. मी कुणाचा अनुयायी नाही. साठीला आलोय, निवृत्त झालोय, आणि मला त्या प्रश्नाच्या शेजारी आवाज न चढवता बसता यायला हवं होतं, इतकंच.

बेलापूर स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला "पारसिक हिल, विपश्यना" म्हटलं. त्यानं मीटर टाकलं आणि विचारलं, "धा दिवसवालं?" चढाला रिक्षा पहिल्या गिअरवर रडायला लागली. दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होतं. धम्म विपुल हे केंद्र याच टेकडीवर आहे. गेटवर नाव सांगितलं, फॉर्म भरला, मोबाईल आणि पाकीट पिशवीत घालून दिलं. फी नाही. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्या माणसानंच दान द्यायचं, आणि त्या दानावर पुढचा माणूस बसतो. म्हणजे ते दहा दिवस मी कुणा अनोळखी माणसाच्या पैशांनी जेवत होतो. याचं मला तेव्हा फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर.

विपश्यनेची ही परंपरा आपल्याकडे आली ती ब्रह्मदेशातून. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ चा, मंडालेचा. व्यापारी घराणं. अर्धशिशीनं बेजार होऊन १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. माणूस दिवसा सरकारचे हिशेब तपासायचा आणि लोकांना ध्यान शिकवायचा. नुसती डोकेदुखी घालवायला आला असशील तर शिकवणार नाही, असं त्यांनी गोएंकांना आधी सुनावलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. ऑडिटरच तो, नोंद कुठल्या खात्यात टाकायची यावर आधी वाद घालणारच. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्या वर्षीच्या जुलैत मुंबईत पहिलं शिबिर झालं. त्यात त्यांचे आईवडीलही बसले होते. पुढे १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. २०१३ मध्ये गोएंका गेले. पण शिबिरात शिकवतात अजून तेच, ध्वनिमुद्रित आवाजातून. पहाटे तो खर्जातला आवाज हॉलमध्ये घुमायला लागला की पहिल्या दिवशी दचकायला होतं आणि चौथ्या दिवशी त्याची वाट बघायला.

आणि आमच्या मराठीला या बाबतीत कुणाची उसनवारी करायची गरज नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं, आणि १८९९ मध्ये बायको-मुलीला घरी ठेवून ते बाहेर पडले. पुणं, काशी, नेपाळ करत श्रीलंकेला पोचले, १९०२ मध्ये भिक्षू झाले, पुढे ब्रह्मदेशात गेले. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र मी कॉलेजात असताना वाचलं, तेव्हा प्रवास म्हणून वाचलं. आता वाटतं, त्या घरी राहिलेल्या बायकोचा प्रश्न कुणी विचारला असेल? असो. ते समुद्र ओलांडून गेले, मी नेरूळ ओलांडून.

संध्याकाळी मौन सुरू झालं. बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही. खोलीत माझ्याबरोबर एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस होता. त्याच्याशी दहा दिवस एक शब्द बोललो नाही, पण तो कुठल्या कुशीवर झोपतो, टॉवेल कसा पिळतो, चपला कशा जोडून ठेवतो हे मला माझ्या सख्ख्या भावापेक्षा जास्त ठाऊक झालं.

पहाटे चारला घंटा. साडेचारला हॉलमध्ये. रात्री साडेनऊला दिवे बंद. मधले दहा तास बसायचं. पहिले तीन दिवस काम एकच, आनापान. आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी बोटभर जागा असते, तिथे तो कसा लागतो ते बघायचं. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, मंत्राला जुंपायचा नाही. आम्ही शाळेत प्राणायाम शिकलेली माणसं. पूरक, कुंभक, रेचक. श्वास म्हटलं की त्याला शिस्त लावायचीच सवय. इथे शिस्त लावायची नाही म्हटल्यावर पहिल्या तासात मी गोंधळून गेलो. मी बघायला लागलो की श्वास बिघडायचा. लग्नात फोटोग्राफर "नॅचरल राहा" म्हणाला की नवरदेवाचं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी एक शोध लागला. उजवी नाकपुडी जवळजवळ बंद होती, सगळा व्यवहार डावीकडून. सर्दी झाली असं वाटून मी मनातल्या मनात औषधांची यादी केली. दुपारी बघतो तर उलट! डावी बंद, उजवी मोकळी. साठ वर्षं हे नाक माझ्या तोंडावर आहे आणि त्याच्या पाळ्या लागतात हे मला माहीत नव्हतं. नाकाच्या आतलं अस्तर आळीपाळीनं फुगतं आणि ओसरतं, काही तासांनी बाजू बदलते. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरनं १८९५ मध्ये याची नोंद केली. आपल्या स्वरशास्त्रवाल्यांनी तर चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणून त्यावर केव्हाच पोथ्या रचल्या होत्या. ज्ञान दोन्हीकडे होतं, माझं नाक तेवढं अडाणी.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की टेपवरचा आवाजसुद्धा ऐकू येईना. मी ओठावरच्या त्या बोटभर जागेवर बसून होतो. आत, बाहेर. गार, कोमट. आणि एकाएकी मला उघाडी दिसली.

उघाडी म्हणजे काय ते खारजमिनीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. खाडीकाठची भातशेती समुद्राच्या पातळीलाच असते. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घालतात. पण पावसाचं पाणी आतून बाहेर जायला तर हवं, नाहीतर भात कुजेल. म्हणून बांधात एक लाकडी चौकट बसवतात आणि तिला वरून एक झडप टांगतात. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून दाबतं, झडप चौकटीवर गच्च मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो, ते आतून ढकलतं, झडप उघडते. दिवसातून दोनदा मिटते, दोनदा उघडते. मोटर नाही, साखळी नाही, माणूस नाही.

माणूस होता म्हणा एक, आबा. गावकीनं उघाडीची राखण त्यांच्याकडे दिलेली. मी सहा-सात वर्षांचा असताना गणपतीला आजोळी गेलो की ते मला खांद्यावर घेऊन बांधावर जायचे. बिडी पेटवून झडपेकडे बघत बसायचे. काम काय, तर झडपेत ओंडका, पेंढा, चिखलाचा गोळा अडकला तर तेवढा काढायचा. एकदा ओहोटी लागली तरी झडप हलेना. मी काठी घेऊन तिला ढोसायला गेलो. आबांनी माझं मनगट धरलं. "हात नको लाऊ. ती आपली आपन जाते नि येते." आणि आम्ही बसून राहिलो. मला कंटाळा आला. मग झडपेच्या खालच्या कडेला पाण्याची एक बारीक रेघ सुटली, चमच्यातून सांडावी तशी. मग रेघेची चिरी झाली. मग लाकूड कुरकुरलं आणि सगळं तांबूस पाणी एकदम खाडीत पडायला लागलं.

पन्नास-पंचावन्न वर्षं ही आठवण कुठे पडून होती कोण जाणे. हॉलमध्ये माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्यानं पाहिलं असेल तर त्यानं न पाहिल्यासारखं केलं, नियमच होता तसा.

दुपारी बारा ते एक आचार्यांना भेटता येतं. मी गेलो आणि आईचा प्रश्न सांगितला. आबा, सही, सात उत्तरं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा प्रश्न येतो तेव्हा श्वास कसा असतो, बघितलंत?" मी म्हटलं, "नाही." "बघा." संपली भेट. खरं सांगतो, मला राग आला. पाच मिनिटं वेळ मागून घेतला आणि हाती काय, तर गृहपाठ.

त्या रात्री मालुंक्यपुत्त आठवला. मज्झिमनिकायात त्याची गोष्ट आहे. श्रावस्तीला जेतवनात राहणारा हा भिक्षू एके दिवशी बुद्धाकडे जाऊन म्हणाला की माझ्या दहा प्रश्नांची उत्तरं द्या, नाहीतर मी हे सोडून संसाराला लागतो. जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एकच की वेगळे, तथागत मेल्यावर असतो की नसतो. बुद्धानं त्याला बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. त्या माणसाला वैद्याकडे आणलं तर तो म्हणतो, बाण मारणारा कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, उंच की बुटका, धनुष्याची दोरी कशाची, बाणाला पीस कुठल्या पक्ष्याचं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. हे सगळं कळायच्या आत तो मरेल. बुद्धानं त्या दहा प्रश्नांना उत्तर दिलं नाही. त्यांना अव्याकृत म्हणतात, म्हणजे न उलगडलेले, मुद्दामच बाजूला ठेवलेले.

गोष्ट सुंदर आहे, पण अंथरुणावर पडल्या पडल्या मी तिच्याशी भांडत होतो. कारण आमच्या पट्टीत बाण कुणी मारला, कुठल्या गावाहून, किती दरानं, हे विचारलं म्हणून तर लोकांना काहीतरी मिळालं. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे माणसं जासई गावी जमली ती डोळे मिटून बसायला नव्हे. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती त्या पाच जणांच्या जिवावर. ज्यांनी तिथे प्रश्न विचारले त्यांना कुणी 'श्वास बघा' म्हटलं असतं, तर मीच त्याला टेकडीवरून खाली आणलं असतं. बुद्धानं दहा प्रश्न बाजूला ठेवले, अकरावा नाही. जमिनीचा दर अव्याकृत नसतो. ध्यान शिकवणाऱ्यांनी आणि विशेषतः ध्यान विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. हल्ली कंपन्यांत माणसं कमी करतात आणि उरलेल्यांना श्वासाचं ॲप देतात.

पण आबांची सही दराच्या खात्यात बसत नाही, हेही तितकंच खरं. १९८४ ला मी एकोणीस वर्षांचा होतो, त्या आठवड्यात आजोळी गेलेलो. गाव रिकामं, सगळे जासईकडे. आबा एकटे ओट्यावर. जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ओट्यासमोर थांबून विचारलं, "का रं, तू नाय येत?" आबांनी बिडी विझवली, उठले आणि आत गेले. म्हातारा थुंकला आणि चालू लागला. ती थुंकी मी पाहिली आहे.

चौथ्या दिवसापासून विपश्यना. डोक्यापासून पायांपर्यंत शरीर फिरून बघायचं, कुठे काय जाणवतं ते. मग अधिष्ठान, तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. त्याबद्दल फार लिहीत नाही. माझे गुडघे त्याची सविस्तर नोंद ठेवून आहेत. याच दिवसांत कधीतरी गटारी झाली. खालच्या गावठाणातून रात्री बेंजोचा आवाज वर येत होता. घरोघर मटण शिजत असणार आणि मी, आगऱ्याच्या मुलीचा मुलगा, संध्याकाळी पाच वाजता चुरमुरे आणि केळं खात होतो. आमच्या कुळात ही नोंद पहिलीच असावी.

सहाव्या की सातव्या दिवशी प्रश्न आला, आणि या वेळी मी गृहपाठ केला. श्वास बघितला. तो वरच्या वर होता, छातीच्या वरच्या कप्प्यात, चोरासारखा. राग आल्यावर तो जोरात चालतो, दुःखात अडखळतो, हे एव्हाना कळलं होतं. हा तसा नव्हता. हा भीतीचा होता. मी कशाला भ्यावं? जमीन माझी नव्हती, सही माझी नव्हती.

मग हळूहळू ते वर आलं. ज्या वर्षी आबांनी सही केली त्याच वर्षी माझे वडील सहा महिने अंथरुणाला खिळून होते. नोकरी सुटलेली. ठाण्याच्या दवाखान्याचं बिल कुणी भरलं, हे आमच्या घरात कधीच बोललं गेलं नाही. मी कधी विचारलं नाही, आणि न विचारण्यात मी इतका तरबेज झालो होतो की विचारत नाही हेही विसरलो होतो. आई मला जे सात वेळा विचारत होती ते हे होतं का? तिचा बाप गावात फुटीर ठरला तो तिच्या नवऱ्यासाठी? दुसऱ्याच्या पैशांनी जेवणं हे माझं फार पूर्वीपासून असंच चालत आलंय का?

हे उत्तर नव्हे, हे मी त्याच वेळी स्वतःला बजावलं. नुसत्या तारखा जुळल्यानं कारण ठरत नाही, आयुष्यभर बँकेत व्हाउचर तपासल्यावर तेवढं कळतं. पण गुडघ्यांची कळ, पावसाचा आवाज आणि हा नवा प्रश्न यांच्यासह मी तास संपेपर्यंत बसून राहिलो. उठलो नाही. प्रश्न पुसलाही नाही. श्वास तासाच्या शेवटी खाली उतरला, तो मी उतरवला नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटलं. सगळे पुरुष व्हरांड्यात येऊन लग्नघरासारखे बोलायला लागले. माझा आवाज मलाच घोगरा वाटला. खोलीतला तो उंच माणूस पेणचा निघाला, एसटीचा ड्रायव्हर, दोन वर्षांत निवृत्त होणार. त्याचं पहिलं वाक्य: "साहेब, तुम्ही रात्री झोपेत 'खांड, खांड' म्हणून ओरडत व्हता."

मला ठाऊक नव्हतं.

"मी उठून बसलो ना! आमच्याकडं खांड म्हटलं की माणूस झोपेतनं पळतो." बांध फुटून जे भगदाड पडतं ती खांड. पेणच्या खारपट्ट्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मी त्याला आबांची गोष्ट सांगितली, वडलांचं आजारपण सोडून. तो ऐकत होता. मग म्हणाला, "खांड पडली असंल हो त्या साली. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढं दोन-तीन वर्सं भात नाय. पाऊस मीठ धुवून काढतो तेव्हा कुठं जमीन गोडी होते. त्यात निम्मं गाव सही करायच्या बेतात. बांधावर माती टाकायला येनार कोन? बांध काय एकट्याचा असतो? मानूस वैतागून करतो सही."

माझ्या छातीवरचा धोंडा कुणी उचलला असं वाटलं. किती सोपं! मीठ. वडलांचा, दवाखान्याचा संबंधच नाही. मी त्याचा हात हातात घेतला. त्यालाही बरं वाटलं.

अकराव्या दिवशी सकाळी पिशव्या परत मिळाल्या. दानाच्या टेबलापाशी मी जरा जास्त वेळ उभा राहिलो. बाहेर पाऊस थांबला होता, ढग फाटले होते, आणि टेकडीवरून पहिल्यांदाच खालचं सगळं दिसलं. खाडी, पाम बीच रस्त्यामागची खारफुटी, सेक्टरामागून सेक्टर, आणि पलीकडे उलव्याकडे विमानतळाचं सपाट केलेलं मैदान. त्यासाठी तिथली अख्खी टेकडी उडवली. (ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचं उद्घाटन झालं.) आबांचं शेत यातलं नेमकं कुठलं, ते मला ओळखता आलं नाही.

घरी आलो. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "बारीक झालास. जेवायला देत नव्हते का?" मी तिच्याजवळ बसलो. वाट बघत होतो की ती विचारेल आणि मी मिठाचं उत्तर काढीन. तिनं विचारलं नाही. शेवटी मीच काढलं. "आई, आबांनी सही केली त्या साली बांध फुटला होता का? खांड पडली होती?"

तिनं लसणाची पाकळी ताटात टाकली. "ती तर दर साली पडायची," ती म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही. दवाखान्याचंही नाही. ती जरा वेळानं म्हणाली, "माज्या बापसानं सही कशाला केली रं?" मी म्हटलं, "माहीत नाही, आई." हे उत्तर मी आधीच्या सातांत दिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग अर्धा लसूण माझ्या पुढ्यात सरकवला आणि आम्ही दोघं सोलत बसलो.

नारळी पौर्णिमेला मी एकटाच परत बेलापूर पट्टीत गेलो, या वेळी टेकडीवर नाही, खाली. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून शहर आखणाऱ्यांनी खाडीच्या कडेनं धारण तलाव केले आणि त्यांच्या तोंडाला झडपा बसवल्या. भरतीला मिटणाऱ्या, ओहोटीला उघडणाऱ्या. इंजिनीअर त्यांना फ्लॅप गेट म्हणतात. आबांची उघाडीच ती, लाकडाची लोखंडी झालेली. तलावांत आता गाळ भरलाय, खारफुटी वाढलीय. मी ज्या तलावावर गेलो तिथली एक झडप गंजून अर्धवट अडकलेली, दुसरी बरी होती.

पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असते. मी दीडला जाऊन कठड्यावर बसलो. एक वॉचमन येऊन काय करताय विचारून गेला. झडप मिटलेली होती. मी श्वासाकडे बघत होतो असं म्हणणार नाही, मी झडपेकडेच बघत होतो. तीन वाजून गेल्यावर तिच्या खालच्या कडेला पाण्याची बारीक रेघ सुटली.

येत्या अमावास्येला आईला घेऊन जाणार आहे. त्या दिवशी ओहोटी पार खाली जाते. तिला चालवत नाही, रिक्षा कठड्यापर्यंत जाते का ते तेवढं विचारून ठेवलंय. जाते.